वाळ्याचा पडदा

चारुदत्त वकिलांच्या बायकोला, वासंतीबाईंना, दमा होता. रस्त्यावरची तांबडी धूळ आत येऊ नये म्हणून त्यांच्या खिडकीला वाळ्याचा पडदा असे आणि कामवाली मैना उन्हाळाभर त्यावर पाणी शिंपडायची. दम्यानंच वासंतीबाई गेल्या.

पुढच्या चैत्रात वकिलांनी पडदा पुन्हा लावून घेतला. भर दुपारी मैना पाणी घेऊन आली, तर रिकाम्या खोलीतून तोच ओळखीचा खोकला आला. ती धावत ओसरीवर गेली.

"सायब, आत वयनी खोकतायत!"

"मलाही ऐकू येतं," वकील हळूच म्हणाले. "पडदा सुकलाय. पाणी मार."

मैनेनं परत जाऊन पडद्यावर तांब्या रिकामा केला. वाळ्याचा वास दरवळला आणि आत कुणीतरी लांब, मोकळा श्वास घेतला. मैना पळाली नाही. तिनं आणखी पाणी आणलं.