छतावरचा ओरखडा

आपल्या वेल्डिंगच्या दुकानात लेकीने ग्राइंडर बंद केला, डोळ्यांवरचा जाड चष्मा कपाळावर सरकवला आणि पाइपांचा तो सांगाडा बाबांसमोर उभा केला.

"हे काय आहे?" बाबांनी विचारलं.

"गाडीच्या छतासाठी गार्ड. समोरून फांदी आली की या उतारावर चढेल आणि मागे सरकून जाईल. खालच्या एसीला, सोलर पॅनेलला, छताच्या खिडकीला धक्का लागणार नाही."

"मी चष्मा आणलेला नाही. पण मला तर कोंबड्यांचं खुराडं दिसतंय."

बाबा गाड्या रंगवायचे. त्यांनी रंगवलेल्या दारात बघून लोक भांग पाडत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली, आत दोन पलंग, ओटा, कपाट बसवून तिचं चालतंफिरतं घर केलं आणि ती बाहेरून अशी रंगवली की उभ्या गल्लीने तोंडात बोट घातलं. छतसुद्धा तेवढंच घोटलं होतं. छत कोण बघणार, असं कुणी विचारलंच तर ते म्हणत, "पाखरं बघतात." मागच्या शिडीला त्यांनी कुलूप लावलं होतं. वर पाय ठेवायची मुभा आईलाही नव्हती.

लेकीने त्यांची स्प्रे गन न घेता वेल्डिंगचं काम धरलं, हे त्यांना अजून पचलं नव्हतं. ते तिच्या दुकानात येत, चहा घेत, इकडच्या तिकडच्या गप्पा मारत. तिच्या कामाकडे बघायची वेळ आली की त्यांचा चष्मा हमखास घरी राहिलेला असे.

"माझ्या गाडीवर खुराडं बसणार नाही," बाबा म्हणाले आणि उठले.

कोपऱ्यात स्टुलावर बसलेली आई तेव्हा बोलली. मागच्या सहलीत एका झाडाने एसीचं झाकण उडवलं होतं, छताची खिडकी फोडली होती आणि नंतरचा पाऊस थेट तिच्या अंथरुणात आला होता.

"हे बसल्याशिवाय मी त्या गाडीत पाऊल टाकणार नाही. तुम्ही खुशाल जा. पाखरांना सोबत घ्या."

आईपुढे बाबांची मात्रा कधी चालली होती, ती आज चालावी! त्यांनी एकच अट घातली. रंग तेच देणार.

रंगाआधी पॉलिश पेपर आला. पेपर फिरवताना त्यांचा अंगठा प्रत्येक जोडावरून गेला, काही ठिकाणी दोनदा गेला. लेक उगाचच नटबोल्टचे डबे आवरत राहिली. शाबासकी तिला नकोच होती. 'बरं झालंय' एवढं म्हटलं असतं तरी तिचं पोट भरलं असतं. बाबांनी पेपर ठेवला आणि थेट स्प्रे गन उचलली. गार्ड मात्र असा रंगवला की तो गाडीतूनच उगवल्यासारखा दिसू लागला.

पुढच्याच आठवड्यात तिघं तळ्याकाठी निघाली. अरुंद रस्त्यावर समोरून ट्रक आला आणि बाबांना गाडी पार कडेला घ्यावी लागली. पानांआड एक जाड फांदी होती. ती दिसेपर्यंत छतावरून समोरून मागपर्यंत कर्रकन आवाज गेला. बाबांनी डोळे मिटून घेतले, जणू त्यांच्याच पाठीवरून ती फांदी गेली होती.

आईने मान वर करून छताची खिडकी पाहिली.

"शाबूत आहे. चला पुढे."

तळ्याकाठच्या मैदानात गाडी लागली तशी बाबांनी रंगाची छोटी डबी खिशात टाकली, शिडीचं कुलूप काढलं आणि वर गेले. लेक खाली उभी राहिली. दोष फांदीला लागणार नाही, खुराड्यालाच लागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बऱ्याच वेळाने ते उतरले. डबीचं झाकण उघडलेलं नव्हतं.

"लागलंय का?" तिने विचारलं.

"लागलंय." मग ते आईकडे वळले. "माझा चष्मा कुठे आहे गं?"

चष्मा त्यांच्याच शर्टाच्या खिशात होता. तो लावून ते पुन्हा वर चढले. पलीकडच्या गाडीवाल्याने हे सगळं पाहिलं होतं. त्याच्या स्वतःच्या एसीचं झाकण चिकटपट्टीने बांधलेलं होतं. तो जवळ आला.

"काका, वर काय बसवलंय हो?"

बाबा खाली आले. हातातल्या कुलपाकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि ते खिशात टाकलं. मग दोन्ही हातांनी शिडी धरली.

"सांगून कळायचं नाही. चढा. बिनधास्त पाय ठेवा."

आई आणि लेकीने एकमेकींकडे पाहिलं.

"अरे बापरे!" गाडीवाला वरून ओरडला. "केवढा ओरखडा! रंग पार सोलून निघालाय की."

"रंग माझा होता, तो गेला," बाबा म्हणाले. "तुम्ही जोड बघा. एक तरी हललाय का? ते माझ्या लेकीचे आहेत."

गाडीवाला वाकला, डोळे बारीक करून बघू लागला. बाबांनी एका हाताने शिडी धरून ठेवली आणि दुसऱ्याने आपला चष्मा काढून वर केला.

"हा घ्या. नीट बघा."