झाकणावर तापलेली पेटी

माझी नात सुहाना इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या दादांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, ऑर्केस्ट्रातल्या गिटारसाठी एक पत्र्याची पेटी बनवली होती. गिटार जोडली की आवाज घोगरा, भरदार व्हायचा. हे गेले, पेटी राहिली. ती पेटी पोरीनं कॉम्प्युटरात उतरवली. आतल्या एकेका पार्टाचं माप घेऊन नुसतं गणित मांडलं. पत्रा नको, वायर नको, आवाज मात्र पेटीचा. मी चौथी शिकलेय, पण एवढं मला कळतं.

रविवारी तिचे विजयसिंह सर दोन्ही आवाज ऐकायला घरी आले. सुहानानं आधी गिटार जोडून पेटी वाजवली. फर्र, फुस्स! सर्दी झालेलं रेडकूच जणू. मग कॉम्प्युटर लावला. त्यातही तेच रेडकू.

सर म्हणाले, "उतरवलंय हुबेहूब. पण मूळ पेटीच भिकार आहे. प्रोजेक्टला दुसरी घे, सुहाना."

माझं टाळकंच सरकलं.

"ओ सर, ह्या पेटीपायी हुपरीचा ऑर्केस्ट्रावाला आमच्या दारात बसून ऱ्हायचा. भिकार तुमचं कान असतील!"

"दादी!" सुहाना ओरडली.

"तू गप. मापं कुठं घेतलीस?"

"लॅबमध्ये. एसीत."

"आणि आता फॅनखाली ठेवलीयास! तुझ्या दादांचं दुकान म्हंजे माझ्या सैपाकघराची फळी. चुलीला चिकटून बसायचे, तिथंच पेटी जुळवली. कार्यक्रमाला निघताना चुलीपाशी शेकवायचे, टॉवेलात गुंडाळून न्यायचे. मी रोज शिव्या घालायची, बाळंतीण हाय का ती म्हणून."

सरांसाठी रस्सा उकळतच होता. झाकणावर फडकं घातलं, वर पेटी ठेवली. दहा मिनिटांनी म्हटलं, "आता वाजव."

तार छेडली आणि भिंतीवरची भांडी थरथरली. सर खुर्चीतून उठलेच. "जुने ट्रान्झिस्टर! गरम झाल्यावर वेगळे वागतात. आपण थंडच मोजले की!"

मग पेटी झाकणावर चढव, उतरव, मोज, असं संध्याकाळपर्यंत चाललं. सरांनी मधल्या वेळात तीन वाट्या रस्सा ओरपला. कान सुधारले, भूक तर मुळातच चांगली होती.

शेवटी कॉम्प्युटरात एक गोल बटण आलं. फिरवलं की थंड पेटी चुलीपाशी येते.

"नाव काय देऊ? तापमान?" सुहाना म्हणाली.

"तापमान कशाला? ज्यानं बनवली त्याचं दे."

"मग घे की नाव, दादी."

लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, मी ह्यांचं नाव कधी तोंडी आणलं नाही. पोरीला ते पक्कं ठाऊक होतं. सरही गालात हसत होते.

मी सरांच्या खिशातलं पेन काढलं, त्यांच्याच वहीवर एकेक अक्षर दाबून लिहिलं आणि वही त्यांच्या हातात दिली.

"वाचा सर. मोठ्यानं. भिकार म्हणाला हुता न्हवं?"

सर उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "ख्वाजा."