पाटीवर पुसलेला निबंध

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. निजामाच्या राज्यात, बीडकडच्या धर्मापुरीत, भामाबाई नावाच्या मेंढपाळणीने मला बाजारातून आणले ते आपल्या मुलासाठी, आश्रुबासाठी. शाळेत तो मला गुडघ्यावर घेऊन बसे. त्याचे अक्षर वाकडे, पण मला फार आवडे.

एकदा शाळेत तपासणीस साहेब येणार म्हणून मास्तरांनी निबंध सांगितला. आश्रुबाजवळ कागद नव्हता. त्याने माझ्यावरच लिहिले, ‘सांजच्याला कोकरं सुटली की सगळा कळप ओरडतो, तरी प्रत्येक कोकराला आपलीच आय सापडते.’

शेजारी जमीनदाराचा राधाकिशन बसे. त्याने मला मागून घेतले आणि सारा निबंध आपल्या कागदावर उतरवला. पुढे गणिताचा तास आला. आश्रुबाने मला ओल्या फडक्याने पुसले.

साहेबांपुढे राधाकिशनने निबंध वाचला. साहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि पितळी दौत बक्षीस दिली.

आश्रुबा उभा राहिला. "गुरुजी, ते माझं हाय. म्या पाटीवर लिवलतं."

"दाखव."

त्याने मला वर धरले. माझ्यावर नुसते गुणाकार होते! त्याने तिथेच घाईघाईने निबंध पुन्हा लिहिला, शब्द न् शब्द तोच. मास्तर म्हणाले, "आता ऐकलं अन् लगेच उतरवलं व्हय बे? चोर कुठला!" छडी त्याच्या हातावर बसली. सगळे मला ठाऊक होते, पण दगडाला कुठली वाचा!

शाळा सुटल्यावर राधाकिशन हळूच म्हणाला, "साहेब इतकं वाखाणतील असं वाटलं न्हवतं रे. ही दौत तू घे."

"दौत ठेव तुला. माझं नाव कावून न्हाई घेतलं?"

"आता सांगितलं तर आबा मला लई मारतील."

दुसऱ्या दिवशी आश्रुबा मेंढ्यांमागे गेला. भामाबाईने विनवले, रागावली, शेवटी रडली. तो म्हणाला, "आये, लिवून काय उपेग?" तेव्हापासून मी ताकाच्या मडक्यावर झाकण आहे.

मित्रांनो, दुसऱ्याचे लिहिलेले आवडले तर जरूर घ्या, पण ते कोणाचे आहे हे तिथेच लिहा. एक ओळ पुरते. राधाकिशनने ती लिहिली नाही, आणि आश्रुबाने पुन्हा कधी माझ्यावर अक्षर काढले नाही.