जड कळांचा कीबोर्ड

साधनाने खुर्ची पुढे ओढली, दोन्ही मनगटं सैल सोडली आणि काउंटरपलीकडच्या आमेरला म्हणाली, "लावा घड्याळ."

"पाच मिनिटं?"

"पाचच."

सव्वातीन वाजले होते. नवीन जालन्यात स्टेशनकडून बियाण्यांच्या कंपन्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमेरचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि तिथून चार इमारती सोडून परीक्षेचं केंद्र. उद्या, शनिवारी, सकाळी दहाला तिथे साधनाची मराठी टंकलेखनाची चाचणी होती. मिनिटाला तीस शब्द. आधीच्या दोन खेपांना ती नापास झाली होती. पहिल्यांदा सव्वीस, दुसऱ्यांदा अठ्ठावीस. वडिलांच्या पश्चात अनुकंपा तत्त्वावर तिला अंबडच्या एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून घेतलं, त्याला दोन वर्षं होत आली होती. प्रमाणपत्र जोडायची मुदत महिनाअखेरीस संपत होती. न जोडल्यास सेवा समाप्त, असं नेमणुकीच्या पत्रातल्या सातव्या कलमात एका ओळीत लिहिलेलं होतं. उद्यानंतर चौथी खेप नव्हती.

दोन्ही वेळा तिने केंद्रातल्या कीबोर्डाला दोष दिला होता आणि तो अगदीच खोटा नव्हता. तिथल्या कळा कढीत भिजलेल्या भज्यासारख्या दबायच्या. अक्षर उमटलं की नाही हे बोटाला कळतच नसे. या खेपेच्या सूचनापत्रात मात्र नवी ओळ होती: परीक्षार्थीस स्वतःचा वायरचा कीबोर्ड आणता येईल, इतरांस व्यत्यय होता कामा नये. पत्र चार दिवसांपूर्वी हाती पडलं. रजा आजची मिळाली.

काउंटरवर दोन कीबोर्ड होते, दोन्ही मेकॅनिकल, प्रत्येक कळेखाली वेगळी स्प्रिंग असलेले. काळ्याच्या कळा इतक्या हलक्या की बोट टेकवलं तरी अक्षर पडावं. राखाडी जड होता. त्याची कळ दाबताना मध्येच एक बारीक अडथळा लागायचा, तो ओलांडला की ठक्कन आवाज.

"दोन्हीचा एकेकच पीस आहे, ताई," आमेर म्हणाला. "आन् एकदा नेला की वापस न्हाई. आधीच सांगून ठेवतो, मंग भांडायचं न्हाई."

"मी भांडणारी दिसते का?"

"सरकारी माणूस कागदावर भांडतं. त्याचीच भीती वाटती." त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "साडेपाचला शटर पाडणार बरं का. साल्याचं लग्न आहे. उशीर झाला तर बायको मला जेवणाशिवायच परत पाठवील."

दुकानाच्या आतल्या बाजूला आमेरचे वडील मुबारकभाई बसले होते. दुकान आधी त्यांचं होतं, टाइपरायटर दुरुस्तीचं. जिल्ह्यातल्या बहुतेक कचेऱ्यांची मशीनं त्यांच्या हाताखालून गेलेली. साधना आली तेव्हा त्यांनी दोन्ही कीबोर्ड मागून घेतले होते. दोन टोकांना धरून कपडा पिळावा तसे पिळून पाहिले. काळ्याने बारीक कुरकुर केली, राखाडी हललाही नाही. मग लांब स्पेसबारच्या अगदी कडेला बोट दाबून पाहिलं, की एक टोक खाली नि दुसरं वर असं होतं का.

"माल दोन्ही बराबर आहे," ते म्हणाले होते. "काळा जरा फॅशनचा. अंबडच्या कोणत्या हापिसात आहे तू, बेटी?"

तिने सांगितलं.

"तिथं आदिनाथराव मिसाळ होते. पिंपळगाव रेणुकाईचे."

"माझे वडील."

"या अल्ला!" म्हातारा खुलला. "अगं, त्या माणसानं माझं घर चालवलं. कळ अशी ठोकायचे जशी काही तिच्यावर केस चालू आहे. दर सहा महिन्याला मशीन माझ्याकडं. मी म्हणायचो, मिसाळसाहेब, हळू मारा, कागदाला भोकं पडून राह्यली. तर म्हणायचे, मुबारकभाई, खालची कार्बनकॉपी वाचता आली पाहिजे, वरची काय, साहेब वाचतच न्हाई." ते स्वतःशीच हसले. "रिटायर झाले असतील आता. माझा सलाम सांग."

"हं," साधना म्हणाली आणि स्क्रीनकडे वळली.

आमेरने घड्याळ लावलं.

तिने मजकुरासाठी कागद घेतला नाही. तिला एक मजकूर तोंडपाठ होता, तो अनुकंपाचा अर्ज. नेमणुकीआधी सात प्रतींत करून दिलेला, मग एक शिक्का राहिला म्हणून पुन्हा सात प्रतींत. पुढे सरावासाठी रोज तोच, कारण त्यासाठी डोळे कागदावर ठेवावे लागत नसत.

काळ्या कीबोर्डावर बोटं पळाली. पाच मिनिटं संपली तेव्हा स्क्रीनवर आकडा आला: अडतीस. चुका तीन.

असा आकडा तिने आयुष्यात पाहिला नव्हता. राखाडीवर तोच मजकूर केला. तेहेतीस, चुका दोन.

"झालं तर," आमेर म्हणाला. "काळा. पॅक करू?"

"करा."

ती पर्स उघडत होती, तेवढ्यात आतून आवाज आला. "थांब जरा."

"अब्बा, त्यांना घाई आहे."

"घाई तुला आहे, लग्नाची." मुबारकभाई उठून काउंटरला टेकून उभे राहिले. "बेटी, राखाडीवर पुन्हा एकदा मार. तेच मार जे मारत होती."

"का?"

"मशीन कानानं दुरुस्त करायची सवय आहे मला. त्या काळ्यात काही ऐकू आलं न्हाई, याच्यात आलं. एक दात तुटलाय कुठंतरी."

साधनाला राग आला. पावणेचार वाजले होते आणि म्हाताऱ्याला कारागिरी दाखवायची हौस आली होती. तरी ती बसली. कळांचा आवाज दुकानभर पसरला, एकसारखा, आणि तिसऱ्या ओळीत थांबला. क्षणभरच. पुन्हा सुरू झाला तो आधीपेक्षा घाईचा.

"हे बघ. इथं." मुबारकभाईंनी बोट वर केलं. "पुन्हा पहिल्यापासून."

तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिसऱ्या ओळीत आवाज तुटला. तिला स्वतःलाही आता तो ऐकू आला. दीड वर्षात कधीच आला नव्हता.

"कळ अडकती का तिथं? कोणती कळ आहे बघू." मुबारकभाई काउंटरला वळसा घालून आले, खिशातून चष्मा काढला आणि स्क्रीनवर वाकले. तिला स्क्रीन झाकावीशी वाटली. तोवर ते वाचू लागले होते.

तिसरी ओळ होती: 'माझे वडील कै. आदिनाथ कडूबा मिसाळ, वरिष्ठ लिपिक, हे सेवेत असताना मयत झाले असून'.

रस्त्यावर रिक्षावाला स्टेशन, स्टेशन ओरडत होता. मुबारकभाईंनी चष्मा काढला.

"मघाशी मी सलाम सांग म्हणालो."

"हो."

"तू हं म्हणाली."

आमेरने उगाचच काळ्या कीबोर्डाचं खोकं बंद केलं नि उघडलं.

"किती दिवसांपासून हेच मारून राह्यली?" म्हाताऱ्याचा आवाज आता कोरडा होता, गिऱ्हाइकाशी बोलावा तसा. तिला ते उपकारासारखं वाटलं.

"दीड वर्ष."

"रोज?"

"रोज."

"मंग हे टायपिंग न्हाई, पाठांतर आहे. उद्या परीक्षेत हा कागद येणार आहे का?" त्यांनी चहाच्या ग्लासाखालचं वर्तमानपत्र ओढलं, घडी घातली आणि तिच्यासमोर ठेवलं. जमिनीच्या व्यवहाराची जाहीर नोटीस होती. "हे मार. काळ्यावर. तुला तोच पाहिजे ना?"

आमेरने घड्याळ लावलं. नोटिशीत गट नंबर होते, चतुःसीमा होत्या, कुणा सोनूबाईचं कुलमुखत्यारपत्र होतं. प्रत्येक नव्या शब्दाशी तिचे डोळे कागदावर अडायचे, बोटं कळांवर टेकून वाट पाहायची, आणि टेकलेल्या बोटांखाली काळा कीबोर्ड मनानेच अक्षरं टाकत जायचा. ती खोडायची. पुन्हा पडायची.

सव्वीस. चुका एकोणीस.

तोच सव्वीस. पहिल्या खेपेचा. म्हणजे मधल्या सगळ्या संध्याकाळी तिने काय केलं होतं? एकच कागद पुन्हा पुन्हा लिहिला होता, आणि त्याच्यावर वेग वाढला की तिला वाटायचं आपण पुढे चाललोय.

"रडू नको," मुबारकभाई म्हणाले.

"मी रडत नाहीये."

"मंग चांगलं आहे. तू शिकली कशावर?"

"वडिलांच्या टाइपरायटरवर. कचेरीतनं मशीनं काढून टाकली तेव्हा त्यांनी एक लिलावात घेतलं होतं."

"तेच. त्या मशीनवर हात टेकून ठेवला तरी अक्षर पडत न्हाई, ठोकावं लागतं. तुझी बोटं टेकणारी आहेत. पाठ असलेल्या मजकुरात ती टेकतच न्हाईत, म्हणून काळा गोड वाटला. ये, राखाडी घे. नोटीस दुसरी."

राखाडीवर तीस. चुका पाच. साधना आकड्याकडे पाहत राहिली. तीस म्हणजे काठावर. उद्या एखादा शब्द चुकला की पलीकडे.

"अजून द्या," ती म्हणाली.

आमेरने दुकानात जे छापील सापडेल ते आणून टाकलं. साल्याची लग्नपत्रिका, कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावरच्या सूचना, मूळव्याधीवर हमखास इलाज. पत्रिकेला एकोणतीस झाले.

"लग्नातच घसरल्या," आमेर म्हणाला. "होतं तसं. माझं पण तिथंच घसरलं."

ती हसली आणि हसता हसता मूळव्याधीला बत्तीस झाले. नंतर पुन्हा तीस. मग एकतीस. साडेपाच वाजून गेले. आमेरच्या फोनवर बायकोचे तीन कॉल येऊन गेले. चौथा त्याने उचलला आणि म्हणाला, "निघालोच," आणि जागचा हलला नाही.

आता एकच अडचण उरली होती. राखाडी वाजायचा. इतरांस व्यत्यय होता कामा नये, ही ओळ साधनाने मोठ्याने वाचून दाखवली. "त्यांनी काढून ठेवायला सांगितलं तर मला पुन्हा केंद्रातलाच घ्यावा लागेल."

"काळा नेला तर कुणी काढायला सांगणार न्हाई," आमेर म्हणाला. "तेवढं त्याचं पक्कं."

"काळा नेला तर मीच नापास."

मुबारकभाई आत गेले. लोखंडी पेटी उघडल्याचा आवाज झाला. जुन्या टाइपरायटरखाली घालायचा जाड नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा तुकडा घेऊन ते आले, मोठ्या कात्रीने तो कीबोर्डाच्या मापाने कापला, खाली सारला आणि एक कळ दाबली. ठक्कन येणारा आवाज धप्प झाला. गेला नव्हता, पण दबला होता.

"आवाज टेबलातून येतो, बटनातून कमी," ते म्हणाले. "तरी पर्यवेक्षक पाजी निघाला तर माझ्या हातात काही न्हाई. काय करती, बोल."

साधनाने राखाडी उचलला. तो विटेसारखा जड लागला. "हाच," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी केंद्रात तिला भिंतीकडची सातवी खुर्ची मिळाली. तिने नमदा अंथरला, वायर लावली. मजकूर एका शासकीय परिपत्रकाचा होता, पाणंद रस्त्यांबद्दलचा. त्यातला एकही परिच्छेद तिने आधी पाहिलेला नव्हता. घंटा झाली.

दोन मिनिटांतच शेजारच्या मुलीने च्च् केलं. मग हात वर केला. पर्यवेक्षक बाई उठल्या. त्यांच्या चपलांचा आवाज रांगेतून जवळ आला आणि साधनाच्या खुर्चीमागे थांबला. तिची बोटं कळांवर टेकली होती, 'अतिक्रमण' या शब्दाच्या आधी. एकही फालतू अक्षर पडलं नाही. मागे वळून काही सांगावं, सूचनापत्र दाखवावं, असं मनात आलं. त्यात दहा सेकंद गेली असती. ती वळली नाही. 'अतिक्रमण' ठोकला. पुढचा शब्द ठोकला. बाई मागे उभ्या होत्या, खाली वाकून नमद्याकडे पाहत होत्या, आणि ती लिहीत गेली. केव्हातरी चपला परत गेल्या. त्या केव्हा गेल्या ते तिला कळलं नाही.

स्क्रीन आपोआप बंद झाली आणि आकडा आला. एकतीस. चुका मर्यादेत. उत्तीर्ण.

"मॅडम, उठा," बाई म्हणाल्या. "पुढची बॅच उभी आहे." मग हळूच, "ते खाली काय घातलंय? कुठं मिळतं?"

बाहेर जिन्यात येऊन तिने अंबडला फोन लावला. आईने, बेबीनंदाने, पहिल्याच रिंगला उचलला.

"काय झालं गं?"

"झाले पास."

"नोकरी राह्यली मंग?"

"राह्यली. आता कायम करतील."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली आणि आईने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"कायम म्हणल्यावर," आई म्हणाली, "टेबलावरली त्यांच्या नावाची पाटी काढतील का?"

साधना कठड्याला टेकली. दोन वर्षं वडिलांच्या नावाच्या त्या पाटीमागे ती बसत होती. तात्पुरत्या माणसासाठी नवी करायची नाही, असं कार्यालयातले बडे बाबू म्हणाले होते, आणि तेव्हा तिला ते बरंच वाटलं होतं.

"काढतील," ती म्हणाली.

"मंग शिपायाला काढू देऊ नको. तू काढ. आन् घरी घेऊन ये."

"आणते," साधना म्हणाली, आणि सोमवारी स्क्रूड्रायव्हर सोबत न्यायला हवा, असा विचार करत जिना उतरू लागली.