पोर्टलीशचे जावई

उल्कानं क्रेशची, म्हणजे लेकीच्या पाळणाघराची, बेल दाबली आणि लगेच एक पाऊल मागं घेतलं. दार उघडेपर्यंत तिनं मनातलं वाक्य पुन्हा एकदा घोळवलं. मी एकटी आहे. वाक्य इवलंसं, पण सप्टेंबरपासून ओठांवर आलं नव्हतं.

उन्हाळ्यात उल्काचा नवरा देवदत्त तिला इथं परदेशात ठेवून नोकरीसाठी टोरांटोला गेला तो गेलाच. बायको आणि चार वर्षांची रेवती आता आपल्याला नकोत, हे त्यानं फोनवरच सांगून टाकलं. पुढं रेवतीचं नाव क्रेशमध्ये घालायला उल्का आली, तेव्हा कराडहून नुकतीच आलेली आई सोबत होती. याच दारात तिनं बजावलं होतं, "एकटी हाय म्हणून कुणाला सांगू नगंस. लोकांची तोंडं लई वाईट."

त्यामुळे क्रेश चालवणाऱ्या ब्रीडानं मुलीच्या बाबांची चौकशी केली, तेव्हा उल्का म्हणाली होती, "तो पोर्टलीशच्या हॉस्पिटलात असतो. शनिवार-रविवारी येतो." पूर्ण दिवसाच्या फीसाठी सरकारची मदत घेणार का, या प्रश्नालाही तिनं दोघांचा पगार मिळून मर्यादेबाहेर जातो असं ठोकून दिलं. नसलेल्या नवऱ्याला बाईनं चांगला पगारही चालू करून दिला!

तेव्हा ते निभावलं. सकाळचे तीन तास सगळ्याच मुलांना फुकट, दुपारी आजी नातीला घरी न्यायची आणि उल्का टॅला भागातल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये निर्धास्त काम करायची. पण शनिवारी आईचं परतीचं विमान होतं. सोमवारपासून रेवतीला दुपारी कोण बघणार? पूर्ण दिवसाची फी एका पगारात झेपणारी नव्हती, आणि नोकरी सुटली तर या देशातलं राहणंच सुटलं. एकट्या उल्काचा पगार मात्र मर्यादेच्या आत बसत होता. फीचा मोठा भार सरकारनं उचलला असता. त्यासाठी फक्त खरं बोलायचं होतं, म्हणून तर आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती आली होती.

ब्रीडानं दार उघडलं. तिच्या स्वेटरला कुणा पोराचा निळा रंग लागला होता.

"ब्रीडा, मला एक सांगायचंय. रेवतीचे बाबा..."

"पोर्टलीशचे?"

उल्काचे कान तापले. तिनं हातातली किल्ली खिशात टाकली.

"पोर्टलीशला कुणी नाही. मी एकटीच आहे. खोटं बोलले मी तुझ्याशी."

"ठाऊक आहे मला, पोरी. तुझ्या मॅमनं सांगितलं."

"आईनं? कधी?"

"हॅलोवीनच्या आधी. टेबलावर लाडवांचा डबा ठेवला आणि म्हणाली, 'नो हजबंड. ओन्ली माय डॉटर. गुड गर्ल.' मग 'शी टेल, यू नो टेल,' म्हणत ओठांवर बोट ठेवलं." ब्रीडा हसली. "पूर्ण दिवसाची एक जागा तेव्हापासून धरून ठेवलीय तुझ्यासाठी. अर्ज मात्र तुलाच करायचाय, आजच कर. सगळं ग्रँड होईल."

उल्कानं सरळ ब्रीडाला मिठी मारली.

घरी बेसनाचा खमंग वास सुटला होता.

"मॅमी, आजीज मेकिंग लाडूज फॉर ब्रीडा!" रेवतीनं दारातच बातमी दिली.

"सांगितलंस?" कढईवरची नजर न काढता आईनं विचारलं.

"सांगितलं. मला गप्प राहायला लावलंस, आणि स्वतःच जाऊन..."

"मग? ती बाई रोज माझ्या हातात पोर देती. तिच्याशी किती दिस खोटं बोलायचं?" आई कालथा हलवत राहिली. "अन् मी गेल्यावर तुला हितं कोण हाय?"

तेवढ्यात फोन वाजला. कराडहून प्रभाआत्या, आईची नणंद. तिच्या कानावर गोष्ट पडली की सगळ्या भाऊबंदांत पोचलीच म्हणून समजा. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा आणि आईचं 'कामात हायत' हे उत्तरही.

"जावई काय म्हणत्यात?" आत्याचा आवाज स्वयंपाकघरभर घुमला.

आईनं एकदा उल्काकडं पाहिलं. उल्कानं होकाराची मान हलवली.

"जावई न्हाईत आता, वन्सं. सोडून गेलं. उन्हाळ्यातच." पलीकडे काहीतरी हाय-हुय झालं. "रडू नगा. माझी लेक सांभाळती सगळं. अन् हितं आमची ब्रीडा हाय."

बोलता बोलता आईचा हात थांबला होता. बेसन लागेल म्हणून उल्कानं पुढं होऊन तिच्या हातातला कालथा घेतला. तिचे डोळे वाहत होते, पण एका हातात कालथा, दुसऱ्यात कढई धरलेली सांडशी; पुसायला हात मोकळा नव्हता. ती बेसन ढवळत राहिली.