विहिरीला वाट कुठनं?

पेडगावच्या शाळेतल्या आठवीला सूत्र येत नाही असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. ‘ए वर्ग वजा बी वर्ग बरोबर ए अधिक बी गुणिले ए वजा बी’ हे पोरं अशा सुरात म्हणायची की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, शाळेत भजन चाललंय. पंचाईत व्हायची ती पुढं. फळ्यावर दहाचा वर्ग वजा तीनचा वर्ग असं लिहिलं की तीच पोरं बेलाशक दहातून तीन काढायची, साताचा वर्ग करायची आणि एकोणपन्नास लिहून मोकळी व्हायची.

धम्मशीलानं शंभरातून नऊ वजा करून एक्क्याण्णव दाखवले. पोरांनी एकोणपन्नासकडे पाहिलं, मग एक्क्याण्णवकडे पाहिलं. पहिल्या बाकावरचा हरिओम म्हणाला, “मॅडम, दोन्ही बी बरोबर असतील.”

असल्या दिलदारपणापुढं गणितानं तरी काय करावं!

धम्मशीलाला हसू आलं, पण काळजीही वाटली. गणिताची पदवी घेऊन ती या शाळेत लागली, आणि वाट्याला आले हिंदीचे आणि खेळाचे तास. शिट्टी वाजवता वाजवता तिसरं वर्ष उलटलं. यंदा गणिताचे जुने सर बदलून गेले तेव्हा ती मुख्याध्यापक अंगदरावांसमोर जाऊन उभी राहिली आणि आठवीचं गणित मागितलं.

अंगदराव म्हणाले, “शिकवा की. पण शनिवारी मी मागं बसून पाठ बघणार. जमलं तर आठवी तुमची. न्हाई तर दत्तराव सर हायेतच.”

दत्तराव सर म्हणजे पाठांतराचे वस्ताद. त्यांच्या हाताखालचं पोरगं झोपेतून उठवलं तरी सूत्र म्हणायचं. अर्थ विचारला की पुन्हा झोपायचं. हा वर्ग त्यांच्या हाती गेला तर आपली शिट्टी पुन्हा आपल्या गळ्यात, हे धम्मशीलाला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या विचारानंच तिला रडू यायचं.

तिनं वर्ग उठवला आणि मैदानात नेला. कबड्डीच्या रेषा मारायची फक्की तिच्याच ताब्यात असे. तिनं दहा पावलांचा चौरस आखला. “हे आपलं वावर.” मग एका कोपऱ्यात तीन पावलांचा चौरस आखला. “हा तुकडा चुलत्याला दिला, विहिरीसाठी. आपल्याला किती उरलं ते बघायचंय.” साताचा वर्ग म्हणणाऱ्यांना तिनं समोरच्या कोपऱ्यात सात बाय सातमध्ये उभं केलं आणि विचारलं, “तुम्ही एवढंच मोजलं. मग हे बाजूचे दोन पट्टे कुणाचे?”

“आयला, आपलेच की!” हरिओम ओरडला, आणि त्यानं जीभ चावली. धम्मशीलाला वाटलं, जिंकली लढाई.

तेवढ्यात रेणुकानं हात वर केला. रेणुकाच्या घरी शेळ्या-मेंढ्या. कुणाच्या बांधावरून जनावरं न्यायची आणि कुणाच्या नाही, हे त्या पोरीला पाढ्यांच्या आधी पाठ झालेलं. गणिताच्या तासाला तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं. धम्मशीला मोठ्या कौतुकानं म्हणाली, “बोल रेणुका.”

“मॅडम, विहिरीला वाट कुठनं?”

झालं! वर्ग पेटला. बबिता म्हणाली, बिगर वाटेची विहीर कोण घेईल? हरिओम म्हणाला, वाट दिली न्हाई तर उद्या तकरार होती. धम्मशीला म्हणाली, बरं, तो कोपरा रस्त्याला लागून आहे असं समजा. त्यावर सगळा वर्ग तिच्याकडे कीव आल्यासारखा बघायला लागला. रस्त्याकडचा कोपरा कुणी चुलत्याला देत असतं व्हय? एकानं बांध धरला, दुसऱ्यानं दोन वावरांमधली पांदण काढली, आणि तास संपायची घंटा झाली तरी गणित जिथल्या तिथं. शेवटी धम्मशीला वैतागून म्हणाली, “बरं बाबांनो, द्या त्याला वाट! शनिवारी सगळ्यांनी दहा सेंटिमीटरचा कागदी चौरस कापून आणा. कोपऱ्यातला तिनाचा तुकडासुद्धा घरूनच कापून आणा.”

शनिवारी सकाळी अंगदराव मागच्या बाकावर येऊन बसले. पोरांनी जुन्या कॅलेंडरच्या पानांतून आपापलं वावर कापून आणलं होतं. धम्मशीलानं सांगितलं, “उरलेल्या कागदाचे दोन तुकडे करा. वरचा छोटा तुकडा उभा फिरवून मोठ्याच्या बाजूला जोडा.” कात्र्या चालल्या, तुकडे फिरले, आणि प्रत्येक बाकावर एकेक लांबट पट्टी तयार झाली. “आता मोजा. रुंदी?”

“सात!” वर्ग एका सुरात म्हणाला.

“आणि लांबी?” दहा आणि तीन तेरा हे उत्तर तिच्या कानात आधीच वाजायला लागलं होतं.

“साडेबारा,” निकिता म्हणाली.

“बारा,” बबिता म्हणाली.

“साडेअकरा,” हरिओम म्हणाला, आणि वर अभिमानानं हसला.

मागं अंगदराव खाकरले. एका शाळेत, एकाच पट्टीनं मोजलेली लांबी दर बाकाला वेगळी! ती धावत रेणुकाच्या बाकाशी गेली आणि तिचा कागद उचलून बघितला. विहिरीच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत, बांधाच्या कडेनं, एक चिंचोळी पट्टी नीट कापून काढलेली होती.

“हे काय गं?”

“वाट, मॅडम. तुमीच म्हणलात ना, द्या म्हणून.”

सगळ्या वर्गानं वाट दिली होती. निकितानं पायवाट दिली होती, बबितानं बैलगाडीपुरती. हरिओमनं तर ट्रॅक्टर जाईल एवढी. धम्मशीलानं कपाळावर हात मारून घेतला. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

अंगदराव उठले. तिला वाटलं, आता हे बाहेर जाणार आणि दत्तरावांना हाक मारणार. पण ते हरिओमच्या बाकाशी थांबले आणि त्याचा कागद उजेडाला धरून बघायला लागले.

“ट्रॅक्टरची कशाला दिलीस रे? लय सढळ हात हाय तुझा. बांधानं दिलीस हे मात्र बेस केलंस. मधून दिली असती तर वावराचं वाटोळं झालं असतं.” अंगदरावांची स्वतःची वाटेची भांडणं साऱ्या पंचक्रोशीला माहीत होती. ते आता हरिओमला ढकलून बाकावर बसलेच.

धम्मशीलाच्या डोक्यात एकदम उजेड पडला. तिनं विचारलं, “सर, वाट दिली की ती जमीन कुणाची होते?”

“कुणाची म्हंजे? ज्याचं वावर त्याचीच!” अंगदराव तडकले. “जाऊ द्यायचं, एवढंच. जाऊ दिलं म्हणून वावर दिलं होतंय का?”

“ऐकलंत?” धम्मशीला वर्गाकडे वळली. “मग वाट कापून टाकायची का?”

पोरं आपापल्या पट्ट्यांकडे बघायला लागली. मग रेणुका सावकाश म्हणाली, “न्हाई मॅडम. नुसती आखायची. जमीन आपल्यातच धरायची.”

कापलेल्या वाटा दप्तरांतून, खिशांतून बाहेर आल्या. हरिओमनं आपली घरीच टाकून दिली होती, त्याला निकितानं कागद दिला. चिकटपट्टी फिरली, पट्ट्या पुन्हा मोजल्या, आणि या वेळी प्रत्येक बाकावरून तेराच आले. तेरा साती एक्क्याण्णव. धम्मशीला काही बोलायच्या आत रेणुकाच उभी राहिली. “मॅडम, तेरा म्हंजे दहात तीन मिळवलेले. आन् सात म्हंजे दहातनं तीन काढलेले. ते सूत्रात बी हेच हाय की!”

“थांब,” अंगदराव म्हणाले. “विसाचं वावर, पाचाची विहीर. किती उरलं?”

“पंचवीस गुणिले पंधरा,” रेणुकानं हातानं हवेतच तुकडा फिरवून जोडला. “तीनशे पंच्याहत्तर.”

“आणि विहीर मधोमध असली तर?”

“कुठं का असंना सर, उरलेलं तेवढंच. भांडणं तेवढी वाढतील.”

अंगदराव एवढ्या जोरात हसले की शेजारची नववी दारात येऊन उभी राहिली. पण घंटा झाली तसे ते उठून ऑफिसाकडे निघून गेले. धम्मशीला मागोमाग गेली. ऑफिसात भिंतीवरच्या वेळापत्रकात आठवीच्या गणिताच्या चौकटीत दत्तराव सरांचं नाव आधीच पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं होतं. ते बघून तिचा चेहरा उतरला.

“सर, आज पोरं चुकली,” ती म्हणाली. “चूक माझीच होती.”

“चुकली ना,” अंगदराव खोडरबर शोधत म्हणाले. “पण इचार करून चुकली. पाठ केलेलं पोरगं असं कधी चुकत न्हाई, मॅडम. इतकी वर्सं झाली, अशी चूक ह्या शाळेत मी पयल्यांदा बघायलोय.”

त्यांनी दत्तरावांचं नाव खोडलं, कागदावरची भुकटी फुंकली आणि तिच्यापुढं हात केला. हातात पेन्सिल नव्हती, पेन होतं.

“तुमचं तुमीच लिहा,” ते म्हणाले. “दाबून लिहा.”