मला रंग लावला तो दिवस

घरघर ऐकून दचकू नका. मी लेथ बोलतोय, लोखंड गोल कापणारा. आता बोलण्याशिवाय दुसरं काम उरलं नाही, आणि रिकामं बसणं मला मुळातच जमत नाही. फिरायची सवय लागलेल्याला उभं करून ठेवलं की जीव नुसता तगमगतो.

माझा जन्म राजकोटच्या एका फाउंड्रीतला. ट्रकमध्ये दोरखंडानं आवळून मला बीड जिल्ह्यात आणलं आणि मांजरसुंब्याच्या अलीकडं, माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं केलं. विठ्ठलराव नावाच्या पुढाऱ्यानं तिथं आयटीआय काढली होती. तेव्हाचं सरकारी धोरण साधं होतं: दहावी झालेल्या पोराच्या हाताला कसब द्या, पोटाचं तो बघेल. पोरं सायकलीवर यायची, माझ्यावर पहिला जॉब कापायची, म्हणजे लोखंडाचा तुकडा मापात आणायची, आणि पुढं पुण्याकडच्या कारखान्यांत लागायची.

मग धोरणं बदलत गेली. कधी संस्था कारखान्यांना जोडायच्या ठरल्या, कधी 'प्रशिक्षण' पुसून 'कौशल्य' लिहायचं ठरलं. पाटी दर वेळी नवी. शिकवणारा निवृत्त झाला की त्याची जागा मात्र तशीच रिकामी. शेवटी एकटे कय्युम सर उरले, तेही तासिकेवर. मध्येच संगणकावर चालणारं नवं मशीन आलं. त्याला लागते तेवढी वीज माळावर येत नाही, म्हणून ते अजून खोक्यातच आहे. खंडेनवमीला त्या खोक्यालाही हार घालतात, बोला! मलाही हळदकुंकू वेळेवर, तेल मात्र आठवलं तर. ही माणसांची रीत मला काही उमगली नाही.

आरोही आली आणि मला जरा बरे दिवस आले. शिरूर कासारकडची, ऊसतोड करणाऱ्या बंकटची लेक. टर्नरच्या, म्हणजे लेथ चालवायला शिकवणाऱ्या, वर्गात एकटी मुलगी. मला चालू करायच्या आधी माझ्या प्रत्येक भोकात तेल सोडायची. ती दुसऱ्या वर्षाला गेली आणि घरी तिच्या चुलत्यानं स्थळ आणलं. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. जोडी असली की मुकादम खूश, म्हणून तिकडं हंगाम जवळ आला की लग्नांची घाई. बंकटनं भावाला बजावलं होतं, "वर्ग सुरू हाय तवर लग्नाचं नाव काढू नको. बंद पडला तर मंग बघू." हे आरोहीनं सरांना माझ्याशेजारी उभं राहूनच सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

आणि नेमकी तपासणी लागली. वरून समिती येणार, मशीन चालू दिसलं तर टर्नरचा वर्ग राहणार, नाहीतर बंद. ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

आदल्या दिवशी सर समितीला आणायला बीडला गेले, तेवढ्यात विठ्ठलराव आले. मला बघून त्यांनी नाक मुरडलं. शिपायाला म्हणाले, "असलं काळंकुट्ट मशीन सायबाला दाखवतो का बे? रंगव!" रंगाऱ्यानं गेट रंगवलं, पाण्याची टाकी रंगवली आणि त्याच डब्यातल्या पोपटी रंगानं मलाही रंगवून काढलं. अरे देवा, माझी तेलाची भोकं बुजली! मी ओरडणार कुठून?

दुसऱ्या दिवशी समिती आली. आरोही मला बघून जागीच थबकली, पण विठ्ठलराव "चालू कर, चालू कर" म्हणत मागं लागले. तिनं बटण दाबलं. मी फिरलो, तापलो, किंचाळायला लागलो. जळका वास सुटला. तिनं झटकन बटण बंद केलं.

"बंद कावून केलं?" विठ्ठलराव डाफरले. "सायेब बघतेत!"

"तेल जात न्हाई, आप्पा. जळल ते."

"जळू दे थोडं! वर्ग जाईल ना!"

तिचा चेहरा उतरला. वर्ग गेला तर त्याच्यामागं काय काय जाणार, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी मनात म्हणत होतो, चालव गं पोरी, जळालो तर जळालो. पण तिनं काही बटण परत दाबलं नाही.

"साहेब, अर्धा घंटा द्या," कय्युम सर म्हणाले, "पोरगी चालवून दाखवती."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "ठीक आहे, जेवून येतो." विठ्ठलराव त्यांना मांजरसुंब्याच्या ढाब्यावर घेऊन गेले.

मग दोघं मला भिडले. आरोहीनं टोच्यानं एकेक भोक मोकळं केलं, सरांनी रॉकेलनं रंग पुसला. तेल आत गेलं आणि मला हायसं वाटलं. तिनं चकमध्ये, म्हणजे माझ्या फिरत्या जबड्यात, लोखंड आवळलं. काय फिरलो म्हणता! लोखंडाचा कीस लांबच्या लांब सुटत होता. टोळीबरोबर निघायच्या आधी लेकीला भेटायला आलेला बंकट दारात उभा राहून बघत होता.

समिती परत आलीच नाही. ढाब्यावरूनच गाडी पुढं निघून गेली. विठ्ठलरावांचा फोन आला, "मशीन बंद असं लिवून गेले. मी तरी काय करू?" आरोही खाली बसून हमसून हमसून रडली.

बंकट आत आला. अजून कोमट असलेला जॉब उचलून त्यानं त्यावरून बोट फिरवलं.

"हे तू केलं?"

"हां."

"मंग ते बंद कसं म्हनले?"

सर म्हणाले, "बीडच्या आयटीआयमधी बदली करून घेऊ. र्‍हायला माझं घर हाय. सायरा हाय, माझी बायको, आन् दोन पोरी हायत. फिकर करू नका."

बंकटनंच घातलेली अट होती, वर्ग बंद पडला तर लग्नाचं बघू. आता तो काय म्हणतो म्हणून माझा जीव टांगणीला. मग त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि भावाला लावला.

"पावन्याला न्हाई म्हन," तो म्हणाला. "पोरगी कामावर हाय."

आता मी शेडबाहेर उन्हात आहे. अंगावर खडूनं 'भंगार' लिहिलंय. आरोही बीडला कुठल्या लेथवर उभी आहे, तो तिला नीट वागवतो का, सांगायला कुणी येत नाही, आणि मला काही चैन पडत नाही. कारखानेवाल्यांनो, ती तुमच्या दारात काम मागायला आली तर एकटी पोरगी बघून "संगं कोण हाय?" म्हणून विचारू नका. आधी एक जॉब कापू द्या. आणि तपासायला येणाऱ्या साहेबलोकांनो, जेवून येतो म्हणालात तर परत येत जा.